किराणा, ॲप आणि सोय: मुलुंडच्या एका घराचा जून ते नोव्हेंबरचा हिशेब

पार्श्वभूमी

मुलुंड पूर्वेतलं पाच माणसांचं घर. वहिनी फोर्टातल्या एका कार्यालयात, दादा ऐरोलीला, थोरला बारावीत, धाकटी सहावीत आणि घरात दादांची आई. ओळख पटू नये म्हणून सगळ्यांना नात्यानंच संबोधते आहे; काही तपशीलही थोडे बदलले आहेत. आकडे मात्र त्यांच्या वहीतले आहेत, फक्त पूर्णांकात आणलेले.

मी गेली काही वर्षं ओळखीपाळखीतल्या कुटुंबांना घरखर्चाची मांडणी करायला मदत करते. या घराची गोष्ट सविस्तर लिहावीशी वाटली, कारण तिथे उधळपट्टी करणारं कुणीच नव्हतं. हॉटेलं नाहीत, ब्रँडेड कपडे नाहीत. तरी वाणसामान, दूध, भाजी, साबण-शाम्पू आणि आजींची औषधं मिळून जूनमध्ये ३०,९०० रुपये गेले, आणि कुठे गेले हे कुणालाच नीट सांगता येईना.

पहिल्याच भेटीत वहिनींनी अट घातली. "ताई, बचत कशी करायची ते सांगा, पण संध्याकाळी ट्रेनमधून उतरल्यावर मला पिशव्या घेऊन बाजारात फिरायला लावू नका. ते मी सोडलंय आणि परत करणार नाही." मला ती अट पूर्ण पटली. सीएसएमटीहून उभ्यानं प्रवास करून साडेसातला मुलुंडला उतरणाऱ्या बाईनं दोन रुपये स्वस्त कांद्यासाठी आणखी अर्धा तास द्यावा, असं सांगणारा सल्ला एक महिनाही टिकत नाही. म्हणून आम्ही आधी सोयीची व्याख्या लिहून काढली: वहिनींनी कामावरून येताना वजन उचलायचं नाही, आजींना जिना उतरावा लागू नये, आणि सकाळच्या डब्याला लागणारं काही रात्री दहाला कमी पडू नये. या तिन्ही गोष्टी सांभाळून जे वाचेल ते वाचेल.

अडचण नेमकी कुठे होती

दादांचं निदान तयार होतं: दहा मिनिटांत माल आणणारी ॲप काढून टाकायची. मी त्यांना एक महिना थांबायला सांगितलं. जूनभर काहीही बदलायचं नाही, फक्त ॲपच्या प्रत्येक ऑर्डरपुढे चारांपैकी एक कारण लिहायचं: संपलं, विसरलो, अचानक, खावंसं वाटलं.

महिन्याअखेर ४६ ऑर्डरी निघाल्या, एकूण १६,५०० रुपयांच्या. "संपलं" १७, "विसरलो" ९, "खावंसं वाटलं" १५. आणि ज्यासाठी ही ॲप घ्यावीत असं वाटतं ते "अचानक", म्हणजे पाहुणे, ताप, शाळेचा प्रकल्प, ते फक्त ५. बाकीचा खर्च असा: दूध ३,५००, भाजी आणि फळं ४,५००, वाण्याकडचा किराणा ३,०००, औषधं ३,४००.

सगळ्यांचा समज होता की पैसे डिलिव्हरीच्या शुल्कात जातात. बेरीज केली तर डिलिव्हरी, हाताळणी, छोट्या ऑर्डरचा आकार, पावसातला जादा आकार आणि टिप मिळून सव्वा हजारच निघाले. खरी गळती कुठे होती ते एका बिलात दिसतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली संध्याकाळ. आजींनी फोन करून सांगितलं की दही, कोथिंबीर आणि आलं नाही. वहिनी घाटकोपरच्या आसपास, एका हातानं दांडी धरलेली. दही ३५, कोथिंबीर २८, आलं २२, झाले ८५. डिलिव्हरी फुकट मिळायला १९९ हवेत, नाहीतर ३० रुपये. मग वेफर्स ५०, कोल्ड कॉफी ४०, बिस्किटं ३५. बिल २१०, वर हाताळणीचे ११ आणि मागच्या ऑर्डरवरून तशीच चालू राहिलेली २० रुपयांची टिप. ८५ रुपयांच्या सामानाला २४१ रुपये गेले. ३० रुपये वाचवायला १२५ रुपयांची भर घातली, आणि ती भर दुसऱ्या दिवशी संपलेली असते.

अशी "भरीची" खरेदी आणि थोरल्याचा रात्री अकराचा खाऊ मिळून जूनमध्ये ३,८०० रुपये निघाले. थोरल्याच्या फोनवरच्या ॲपला आईचं कार्ड जोडलेलं होतं. शिवाय घाईत नेहमी लहान पाकीट घेतलं जायचं, त्यातला फरक हजाराच्या घरात.

आपोआप चालू राहणाऱ्या टिपेबद्दल थोडं सांगायला हवं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी "डार्क पॅटर्न"बाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि अशा १३ युक्त्यांची नावं घेतली. न विचारता टोपलीत वस्तू, शुल्क किंवा देणगी सरकवणं आणि शेवटच्या पायरीवर आकार वाढवत नेणं या दोन्ही त्यात आहेत. असं काही दिसलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. टिप द्यायचीच नाही असं वहिनींचं म्हणणं नव्हतं. भर पावसात चौथ्या मजल्यावर येणाऱ्या मुलाला त्या आजही देतात. पण आता ती दर वेळी स्वतः निवडून देतात.

मुख्य प्रश्न मात्र ॲपच्या अलीकडचा होता. काय संपत आलंय हे आजींना सकाळी स्वयंपाक करतानाच कळायचं. पण "पोरगी दमून येते, तिला सकाळी सकाळी कशाला सांगू" म्हणून त्या संध्याकाळपर्यंत थांबायच्या. म्हणजे माहिती घरात सकाळी नऊला असायची आणि पैसे देणाऱ्या माणसापर्यंत संध्याकाळी सातला, गर्दीत उभी असताना पोचायची. त्या वेळी कुणीही महागच खरेदी करेल.

समोर असलेले पर्याय

ॲप पूर्ण बंद करणं हा पर्याय वहिनींच्या अटीतच बसत नव्हता, तो पहिल्या दिवशी गेला.

दुसरा, महिन्यातून एकदा मोठ्या सुपरमार्केटला जाणं. जुलैच्या पहिल्या रविवारी सगळे जाऊन आले. तेल, सुकामेवा, साबण खरंच स्वस्त होते. पण पैसे भरायची रांग, जाता-येताची रिक्षा, आणि यादीत नसलेले दोन डबे, एक पायपुसणं, मुलांची नूडल्स. नंतर यादीतल्या वीस वस्तूंचे भाव आम्ही तीन ठिकाणचे समोरासमोर मांडले. सुपरमार्केट आणि कोपऱ्यावरचा वाणी यांत संपूर्ण यादीमागे फरक साधारण ४०० रुपयांचा. रिक्षा वजा केली की उरतात दोनशे-अडीचशे, आणि त्यासाठी आठवड्यातली एकमेव निवांत सकाळ द्यायची. ज्यांच्या इमारतीखालीच असं दुकान आहे त्यांचा हिशेब वेगळा येईल. या घराला ते परवडत नव्हतं.

तिसरा पर्याय आजींनी काढला: मुंबई ग्राहक पंचायत. १९७५ पासून चालत आलेली ही चळवळ. शेजारपाजारच्या कुटुंबांचा गट करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल एका घरी येतो आणि सदस्यांनी मिळून तो वाटून घ्यायचा. आजी गिरगावात असताना सदस्य होत्या. तिथल्या तूरडाळीबद्दल त्या अजून बोलतात. मला स्वतःला ही व्यवस्था मनापासून आवडते, कारण तिथे महिन्याची यादी आधी करावीच लागते आणि निम्मी बचत त्यातच होते. पण वाटपाच्या दिवशी घरातलं कुणीतरी हजर हवं, पोती-खोकी उचलायला हात हवेत. जुलैत दादा-वहिनींना ते जमण्यासारखं नव्हतं. निर्णय पुढे ढकलला.

चौथा पर्याय, आजींच्याच पिढीचा: उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरणं. एरंडेल लावलेली डाळ, ऊन दिलेले गहू. जून उलटून गेला होता, आणि दोन खोल्यांच्या घरात पिंपांना जागा नाही. तो तिथेच संपला.

पाचवा म्हणजे वाणी. तीस पावलांवरचं दुकान, जो पूर्वीपासून माल घरपोच देतो आणि ज्याच्याकडून हे घर फक्त तांदूळ-साखर घेत होतं. दहा मिनिटांत नाही, पण सकाळी अकरापर्यंत त्याचा मुलगा चौथ्या मजल्यावर माल आणून देतो, वरचा आकार न घेता. आणि अकरा वाजता दार उघडायला आजी घरी असतात. सोय समोरच होती, फक्त तिला आदल्या रात्री सांगावं लागत होतं.

निर्णय आणि अंमलबजावणी

यादीपासून सुरुवात केली. फ्रिजवर पाटी लावली आणि एकच नियम ठेवला: शेवटचं पाकीट संपल्यावर नाही, फोडल्यावर लिहायचं. लिहिण्याचं काम आजींचं. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री थोरला पाटीचा फोटो वाण्याला व्हॉट्सॲपवर पाठवतो, दुसऱ्या दिवशी माल येतो. जड वाणसामानाची मोठी यादी महिन्याच्या सुरुवातीला जाते.

पैसे कसे द्यायचे यावर घरात चांगलाच वाद झाला. वाणी महिन्याचं खातं ठेवायला तयार होता आणि वहिनींना तेच सोपं वाटत होतं. दादांचं म्हणणं, खात्यावर घेतलं की हात सैल सुटतो. शेवटी प्रत्येक बिलाचे पैसे त्याच दिवशी यूपीआयनं द्यायचं ठरलं. मी दादांच्या बाजूनं होते, वेगळ्या कारणासाठी: खर्चाची नोंद आपोआप होत राहते आणि वहिनींना वही लिहावी लागत नाही.

मग भाव बघायची सवय. पॅकबंद मालावर एमआरपीबरोबर एकक भाव छापणं आता बंधनकारक आहे: एक किलोच्या आतल्या पाकिटावर प्रति ग्रॅम, त्याहून मोठ्यावर प्रति किलो, पातळ पदार्थांसाठी मिलिलिटर आणि लिटर. अक्षर इतकं बारीक असतं की एका दुपारी आजींनी पंचांग वाचायचं भिंग काढलं आणि धाकटीला शेजारी घेऊन स्वयंपाकघरातली पाकिटं ओट्यावर ओळीनं मांडली. चहाचं पाव किलोचं पाकीट ६० पैसे ग्रॅम, किलोचं ५२ पैसे. हे अपेक्षितच होतं. पण शाम्पूच्या पुड्या बाटलीपेक्षा प्रति मिलि स्वस्त निघाल्या, आणि दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यात "फॅमिली पॅक"पेक्षा रुपयामागे जास्त बिस्किटं होती. मोठं ते स्वस्त हे चहा-साबणचुऱ्याला खरं ठरतं, शाम्पू-बिस्किटाला अनेकदा नाही. धाकटीनं ही यादी स्वतःच्या अक्षरात पाटीशेजारी लावली आणि त्यानंतर घरात या विषयावर तिचाच शब्द शेवटचा असतो.

कणीक पिशवीतून यायची. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर आणि पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्ट्या मालावर तो नाही. गल्लीतला चक्कीवाला लोकवन आणि सिहोर दोन्ही गहू ठेवतो, समोर दळतो आणि फोन केला की घरी पाठवतो. पंधरा दिवसांचं पीठ एका फोनवर येऊ लागलं. डाळी वाण्याकडून सुट्ट्या. पोळ्या मऊ होतात असं आजी म्हणतात; वहीत त्याला रकाना नाही, पण मी त्याला महत्त्व देते, कारण घरच्यांना आवडलेला बदलच टिकतो.

भाजीत आम्ही उलट दिशेनं गेलो. स्टेशनबाहेर बसणाऱ्या मावश्यांकडे निवडलेली मेथी, सोललेले वाल, चिरलेली फरसबी मिळते आणि ती जुडीपेक्षा अर्थातच महाग पडते. वहिनी ती चोरटेपणानं, आठवड्यातून एखादवेळ घ्यायच्या. मी म्हटलं, खुशाल घ्या, आणि ठरवून घ्या. वालाचं बिरडं करायचं तर वाल भिजवा, मोड आणा, सोला. ते श्रम दुसऱ्या बाईनं केलेत आणि तिला त्याचे पैसे मिळताहेत. तीन दिवस निवडलेली भाजी, वजन हलकं, घरी गेल्यावर थेट फोडणी. भाजीचा खर्च ४,५०० वरून ४,७०० झाला आणि तो वाढू दिला. या संपूर्ण प्रकरणातला मला सर्वात योग्य वाटलेला निर्णय हाच.

ॲप राहिलंच. "अचानक"साठी ते उघडायचं, भर न घालता डिलिव्हरीचे ३० रुपये सरळ भरायचे. शिवाय भांडी-फरशी धुण्याची द्रावणं आणि टिश्यू तिथे वाण्यापेक्षा स्वस्त मिळत होते, म्हणून त्यांची महिन्यातून एकच मोठी ऑर्डर. थोरल्याच्या ॲपमधून कार्ड काढलं आणि त्याला महिन्याला १,२०० रुपये त्याचे म्हणून दिले. बंदी घालायची का यावर दादा अडून होते. पण बारावीचं वर्ष, रात्री जागणारा मुलगा, त्याला भूक लागणारच. पहिल्या महिन्यात त्याचे पैसे एकोणीस तारखेला संपले. पुढच्या महिन्यापासून त्यानं आजींकडून चिवडा करून घ्यायला सुरुवात केली.

राहिली औषधं. आजींना रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइड. दादांनी चारही चिठ्ठ्या डॉक्टरांपुढे ठेवून विचारलं की जनऔषधी केंद्रातली जेनेरिक चालतील का. पहिल्या तिन्हींना त्यांनी होकार दिला, मूळ औषधाचं नाव आणि मात्रा स्वच्छ लिहून दिली. थायरॉइडची गोळी मात्र आहे त्याच कंपनीची ठेवा, सारखी बदलू नका असं सांगितलं. विचारून केलं म्हणून हा फरक कळला. ३,४०० चे १,७०० झाले. दोन महिन्यांनी केंद्रात एक गोळी शिल्लक नव्हती आणि ऐन वेळी नेहमीच्या दुकानातून घ्यावी लागली. तेव्हापासून पंधरा दिवसांचा साठा हाताशी ठेवतात.

काय घडलं

जुलैचा एकूण खर्च २७,६०० वर आला. ऑगस्टमध्ये २९,८००: गणपती घरी येतात, पाहुणे, मोदकांचं सामान. दादा खट्टू झाले. पण ऑगस्टच्या ऑर्डरी उघडून पाहिल्या तर "विसरलो" फक्त दोन होत्या. पैसे सणावर गेले होते आणि सणावर जायलाच हवे होते. सप्टेंबर २५,९००. दिवाळीमुळे ऑक्टोबर तुलनेत धरला नाही. नोव्हेंबर २४,४५०.

नोव्हेंबरच्या आकड्यातला काही भाग आमच्या करामतीचा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, अंगाचा साबण यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. या घरापुरते त्याचे दोनेकशे रुपये होतात. ते परत मिळवले तर २४,६५०, म्हणजे जूनपेक्षा ६,२५० कमी.

त्यातले २,३०० भरीच्या आणि रात्रीच्या खाऊतून वाचले, १,७०० औषधांतून, १,०५० शुल्कातून, ९०० पाकिटांचा आकार बघून घेतल्यामुळे, ५०० सुट्ट्या धान्य-पिठातून; भाजीचे २०० वाढले. नोव्हेंबरात ॲपवर अकरा ऑर्डरी झाल्या. तिन्ही अटींपैकी पहिली आणि तिसरी पूर्ण पाळली गेली. दुसरी दोनदा मोडली: चक्कीवाल्याचा माणूस गावी गेलेला असताना आजी पिठाचा डबा घेऊन स्वतःच खाली उतरल्या.

पुन्हा करायचं झालं तर

आजींना पहिल्या बैठकीला बोलावलं असतं. घरातली सगळी माहिती त्यांच्याकडे होती आणि जूनच्या नोंदी वहिनी-दादांच्या फोनवरून चालल्या होत्या. "संपलं" आणि "विसरलो" या दोन रकान्यांचं मूळ आजींशी बोलल्यावर दहा मिनिटांत उलगडलं. घरी बसलेल्या वडीलधाऱ्यांना खर्चाच्या चर्चेत धरायचं नाही, ही पद्धत मी बऱ्याच घरांत पाहते आणि ती महागात पडते.

औषधांचं काम सर्वात आधी करता आलं असतं. त्यात कुणाचीच सवय मोडत नव्हती. डॉक्टरांची एक भेट आणि महिन्याला १,७०० रुपये. ते सप्टेंबरपर्यंत लांबलं, कारण सगळ्यांचं लक्ष ॲपवर होतं.

सणाचा खर्च जुलैतच वेगळा काढून ठेवला असता तर ऑगस्टमध्ये दादांचा धीर सुटला नसता. त्या आठवड्यात त्यांनी सगळी व्यवस्था मोडीत काढून पुन्हा सुपरमार्केटला जायचं ठरवलं होतं. वहिनींनी "आई, तुम्हीच सांगा यांना" म्हणत पाटी दाखवली आणि विषय थांबला.

ग्राहक पंचायतीचा प्रश्न अजून खुला आहे. शेजारच्या इमारतीत एक गट चालतो, आणि बारावीची परीक्षा झाली की वाटपाच्या दिवशी खोकी उचलायला थोरला मोकळा असेल. तूरडाळ, तांदूळ आणि तेल एवढ्याच तीन गोष्टींची मागणी आधी नोंदवून दोन महिने बघायचं, असं आजींनी सुचवलंय. वाणी नाराज होईल का, ही वहिनींची काळजी आहे, आणि ती रास्त आहे. त्याच्याकडची खरेदी फार कमी झाली तर अकराचा माल चौथ्या मजल्यावर कोण आणणार? एप्रिलमध्ये त्याच्याशी बोलूनच काय ते ठरवणार आहेत.